राष्ट्र निपाणीला सुरू होते

समाजशास्त्र विभागात नव्याने रुजू झालात आणि प्राचार्य म्हणाले, "सर, मार्चच्या आत एखादं चर्चासत्र होऊन जाऊ द्या." घाबरू नका. समाजाचा अभ्यास यात कुठेही आड येत नाही.

आधी पातळी ठरवा. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीत प्राध्यापकाच्या बढतीसाठी राज्यस्तरीय चर्चासत्रात शोधनिबंध वाचला की 2 गुण, राष्ट्रीय असेल तर 3, देशातच भरलेले आंतरराष्ट्रीय असेल तर 5. तेव्हा 'राज्यस्तरीय' हा शब्द फ्लेक्सवर दिसताच कामा नये. तुम्ही कोल्हापूरकडचे असाल तर राष्ट्र निपाणीला सुरू होते. बेळगावचे एखादे प्राध्यापक सकाळच्या एसटीने येतात, बीजभाषण मराठीतच करतात, रात्री जेवायला घरी असतात, आणि राष्ट्र पूर्ण होते. सिंधुदुर्गवाल्यांना गोवा आहेच. बीडवाल्यांनी झूमवर भागवावे. एक खाचखळगा सांभाळा: तोच निबंध चर्चासत्राच्या कार्यवृत्तात छापला तर गुण एकदाच धरतात. शीर्षकातले दोन शब्द फिरवायचे ते एवढ्यासाठीच.

विषयाच्या शेवटी 'आव्हाने आणि संधी' लिहा. त्याआधी काय लिहायचे ते फ्लेक्सवाला विचारेल तेव्हा बघू.

खरी मेहनत समईवर घ्या. वाती आदल्या रात्रीच तेलात भिजत घाला. कोरडी वात भपकन पेटते आणि अध्यक्षांचा हात लागायच्या आत विझते. पाच पाहुण्यांना पाच काड्या ओढायला लावू नका, एक मेणबत्ती हातोहात फिरवा. पंखा बंद करायला एक शिपाई नेमा आणि तो पुन्हा लावायला दुसरा. पहिला तोवर चहाला गेलेला असतो.

आता विद्वत्तेचा हिशेब. शोधनिबंध 48, जेवणानंतरची सत्रे दोन, प्रत्येकी 75 मिनिटांची. म्हणजे माणशी तीन मिनिटे आणि वर सात सेकंद. त्यातले एक मिनिट व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावे घेण्यात जाते. प्रश्नोत्तरे 'वेळेअभावी'. प्रमाणपत्रे मात्र साडेचारच्या आत कुणाच्या हाती लागू देऊ नका, नाहीतर समारोपाला सूत्रसंचालक आणि माईकवाला एवढेच उरतात.

फोटो जीपीएस कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमधूनच काढा, आणि आधी मोबाईलचे लोकेशन चालू आहे ना ते पाहा. बंद असेल तर अक्षांश-रेखांश उमटत नाहीत आणि फोटो नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फाईलला निरुपयोगी. एफ.वाय.ची मुले पहिल्या तीन रांगांत बसवा, शटर दाबले की सोडून द्या. सकाळच्या उद्घाटनाचे आणि दुपारच्या सत्रांचे फोटो एकदमच उरकण्याचा मोह होतो, पण कोपऱ्यात वेळही उमटते. दुपारच्या सत्रावर सकाळचे 10:42 दिसले तर पंचाईत. निबंध कुणी वाचत नाही, वेळ वाचतात. जाता जाता वक्त्यामागच्या भिंतीवरच्या घड्याळातला सेलही काढून ठेवा.

फीडबॅक फॉर्म दोन-तीन वेगवेगळ्या पेनांनी भरले जावेत. सगळेच 'उत्कृष्ट' नकोत. चार 'चांगले' असू द्या आणि एकात 'मठ्ठा आंबट होता' असे लिहिलेले असू द्या. त्याने अस्सलपणा येतो.

अहवाल आदल्या रात्रीच लिहून ठेवा, भूतकाळात. उपस्थितांच्या आकड्यापुरती जागा मोकळी सोडा. संध्याकाळी केटरर ताटांचा हिशेब देतो, तोच आकडा तिथे घाला. ड्रायव्हरांची ताटे वजा करायचे कारण नाही.