दराची पाटी

तीन वर्षांपूर्वी आई इकडे अमेरिकेत आली होती. मुक्काम लांबला आणि तिच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या. तिचा प्रवासी विमा जुन्या आजाराला लागू नव्हता. एका दवाखान्यात फोन करून विचारलं, नुसतं तपासायला किती लागतील? उत्तर मिळालं, "ते बिल आल्यावर कळेल." दुसरीकडेही तेच.

शेवटी एका मोठ्या दुकानातल्या क्लिनिकमध्ये गेलो. दारातच दराची पाटी. आईने चष्मा नीट करून ती वरपासून खालपर्यंत वाचली, मनात रुपयांचा हिशेब केला आणि म्हणाली, "चल, एवढं जमेल." आतल्या नर्स प्रॅक्टिशनर (म्हणजे तपासून औषधही लिहून देऊ शकणाऱ्या नर्स) बाईंनी दोन्ही दंडांवर बीपी घेतलं, जुनी चिठ्ठी वाचली, पायाला सूज आहे का ते दाबून पाहिलं. गोळ्या त्याच दुकानाच्या दुसऱ्या टोकाला मिळाल्या.

त्यामुळे "दुकानात कसले औषधोपचार करून घेता" असं कुणी म्हटलं की मला खरंच राग येतो. आकडा आधी कळत नाही म्हणून माणसं दुखणं अंगावर काढतात. रुग्णालयांनी दर जाहीर करावेत असा नियम इथे २०२१ पासून आहे, पण ते वेबसाइटवरून शोधून काढायला आईसारखीच्या हाताशी कोण असतं?

वॉलमार्टने २००६ मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पापासून बऱ्याच जेनेरिक औषधांचा महिन्याभराचा पुरवठा ४ डॉलरला द्यायला सुरुवात केली, तेव्हा इतर दुकानांनाही भाव उतरवावे लागले. हे दुकानदारीनेच घडवलं, आणि ते मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे.

पण पुढचंही बघा. २०१९ मध्ये त्याच कंपनीने जॉर्जियात आरोग्य केंद्र उघडलं. डॉक्टर, दात, डोळे, रक्ततपासणी, समुपदेशन, सगळं एका छपराखाली आणि दर आधीच सांगून. एप्रिल २०२४ मध्ये अशी सगळीच्या सगळी ५१ केंद्रं बंद करत असल्याचं जाहीर झालं. विम्याकडून मिळणारे पैसे आणि वाढता खर्च यांचा मेळ बसत नाही, असं कारण दिलं. फार्मसी आणि चष्म्याचे विभाग मात्र चालू राहिले.

मला यात नवल वाटत नाही. गोळ्या घाऊक भावात घेता येतात, गोदामात भरून ठेवता येतात. डॉक्टरचा वेळ तसा विकत घेता येत नाही. आईला तपासायला वीस मिनिटं लागली, ती दुकान कितीही मोठं असलं तरी वीसच लागणार.

म्हणून माझं मत असं झालंय की लस, चष्मा, घशाचं दुखणं, नेहमीच्या गोळ्या, यासाठी दुकानात खुशाल जावं. पण मधुमेह, बीपी, हृदयविकार यांना वर्षानुवर्षं तोच डॉक्टर लागतो. अशा रुग्णांना जो दुकानदार हाताशी धरतो, त्याच्यावर बंद करताना त्यांची सोय लावून देण्याचं कायद्याने बंधन हवं. नुसता कागदपत्रांचा गठ्ठा हातात देऊन भागत नाही.

आई येत्या मे महिन्यात परत येतेय. आम्ही गेलो होतो ते क्लिनिकही बंद झालंय, दराची पाटी काढून तिथे फळ्या ठोकल्यात. काल फोनवर तिला सांगितलं, सहा महिन्यांच्या गोळ्या बरोबर घे, आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पर्समध्ये ठेव, बॅगेत नको.