वादळात पार्क रिकामं असतं म्हणे!

फ्लोरिडातल्या ऑरलँडोची, म्हणजे डिस्ने-युनिव्हर्सलच्या थीम पार्कांची, सहल स्वस्तात उरकायची असेल तर सप्टेंबरातच यावं. जूनमध्ये नको, तेव्हा अमेरिकेच्या शाळांना सुट्ट्या लागतात. डिसेंबरात तर नावच काढू नका, तेव्हा पार्कात पाय ठेवायला जागा नसते. सप्टेंबरात मात्र शाळा सुरू, हॉटेलांचे दर खाली, आणि राइड्सच्या रांगा अशा की पोरं तीनतीनदा बसतात. एवढी सोपी युक्ती बाकीच्या अमेरिकेला कशी सुचत नाही, हा प्रश्न मनात येऊ देऊ नका. ते येडे आहेत. तुम्ही एक्सेल शीट केली आहे.

अटलांटिकच्या वादळांचा मोसम १ जूनला सुरू होतो, ३० नोव्हेंबरला संपतो आणि १० सप्टेंबरच्या आसपास ऐन भरात असतो, असं इथलं नॅशनल हरिकेन सेंटर सांगतं. सांगेना का. सरकारी माणसं ती, घाबरवण्याचाच पगार घेतात. स्वस्त दरांचा आणि या तारखांचा काही संबंध असेल, ही शंका ज्यांच्याकडे एक्सेल शीट नाही त्यांनी घ्यावी.

मी ऑरलँडोतच राहते. २०२५ च्या मे महिन्यात एपिक युनिव्हर्स हे नवं थीम पार्क उघडल्यापासून तर आमच्या घराची धर्मशाळाच झाली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण परवा न्यू जर्सीच्या मावसभावाचा मेसेज आला. 'सप्टेंबरचा दुसरा आठवडा फायनल. नॉन-रिफंडेबल घेतलं, जाम स्वस्त पडलं. तू तिथेच आहेस, तर वादळाचं तेवढं बघून सांग.' बघून सांग! जणू मी गच्चीवर जाऊन डोळ्यांवर हात धरायचा आणि आफ्रिकेकडून काही निघालंय का ते पाहायचं. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा मार्गदर्शन जाहीरच केलेलं बरं.

पहिली गोष्ट बुकिंगची. डिस्नेचा एक नियम आहे. तुम्ही पोचायच्या आधीच्या सात दिवसांत ऑरलँडोला किंवा तुमच्या राहत्या गावाला हरिकेनचा इशारा लागला, तर त्यांच्याकडे थेट केलेलं हॉटेलचं बुकिंग ते दंड न लावता बदलून किंवा रद्द करून देतात. म्हणूनच थेट घेऊ नये. त्यात थरार काय? एखादी तिसरीच साइट शोधावी, जिचा फोन नंबर वेबसाइटवर सापडत नाही आणि जिचा चॅटबॉट प्रत्येक प्रश्नाला 'तुमची अडचण आम्ही समजू शकतो' म्हणतो. विमान चौथ्याच साइटवरून घ्यावं, गाडी पाचव्या. मग एक रद्द झालं तरी बाकीचे सगळे तुमच्या पैशांवर ठाम उभे राहतात.

विमा घाईने काढू नका. वादळाला नाव पडू दे, टीव्हीवर ते लालजांभळं गरगरू दे, मग चहा घेऊन निवांत लॅपटॉप उघडा. वादळाचं नामकरण झाल्यावर घेतलेल्या पॉलिसीत ते वादळ 'आधीच ठाऊक असलेली गोष्ट' ठरतं आणि त्यापायी एक डॉलरही सुटत नाही, असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. पण बारीक अक्षरं वाचायला आपण काय वकील आहोत? कुठल्याही कारणाने रद्द करता येईल असाही एक महागडा विमा मिळतो. तो पहिलं बुकिंग केल्यावर दोन-तीन आठवड्यांच्या आत घ्यावा लागतो, आणि परत मिळतात तेही अर्धे-पाऊण पैसे. सोडून द्या. त्यापेक्षा पुण्याहून आलेल्या आईबाबांचा व्हिजिटर इन्शुरन्स आहे ना, तोच पुढे करा. तो आजारपणाचा आहे असं पलीकडची बाई म्हणेल. तिला सांगा, मॅनेजरला बोलवा.

रेनकोट घरून आणू नका. पार्कात मिळतो, पातळ असतो, पण किंमत भारदस्त असते.

'ऑरलँडो समुद्रापासून पन्नासेक मैल आत आहे, तिथे काय होणार!' हे वाक्य पाठ करून ठेवा आणि इथे राहणाऱ्या माणसाला ऐकवा. २००४ मध्ये १३ ऑगस्टला चार्ली नावाचं वादळ पश्चिम किनाऱ्यावर धडकलं आणि राज्य तिरकं कापत थेट ऑरलँडोवरून गेलं. ती छपरं नीट होताहेत तोवर सप्टेंबरात फ्रान्सेस आलं, आणि महिना सरायच्या आत जीन. दीड महिन्यात तीन वादळं, समुद्रापासून लांब असलेल्या गावात. २०२२ मध्ये इयानचा पाऊस एवढा झाला की पार्कांच्या शेजारच्याच किसिमीत ज्येष्ठांची वसाहत पाण्यात गेली, म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढावं लागलं. पण हा झाला इतिहास. तो परीक्षेपुरता वाचायचा असतो.

मुंबईकरांना वेगळी सवलत आहे. 'आम्ही २६ जुलै बघितलाय' एवढं म्हटलं की हरिकेन आपोआप दिशा बदलतं.

आता वादळाच्या अंदाजाच्या नकाशावरचा तो पांढरा शंकू. इंग्रजी वाहिन्यांवर 'कोन' म्हणतात तो. याचा उपयोग कसा करायचा? स्क्रीनशॉट काढायचा, फॅमिली ग्रुपवर टाकायचा आणि खाली लिहायचं, 'आपलं हॉटेल मधल्या रेषेच्या उजवीकडे आहे, काळजी नसावी.' हरिकेन सेंटर रोज पहाटे पाचला, सकाळी अकराला, संध्याकाळी पाचला आणि रात्री अकराला नवा अंदाज देतं. किनाऱ्यावर इशारे लागले की मधल्या वेळेतही देतं. म्हणजे दर वेळी नवा स्क्रीनशॉट, आणि दर वेळी मला फोन. 'अगं, रेष जरा वर सरकली, म्हणजे आपल्याला बरं ना?' तुम्हाला बरं. वर कोण राहतं ते विचारूच नका. अहो, ती रेष म्हणजे पालखीचा मार्ग नव्हे, आज सासवड, उद्या जेजुरी, ठरल्या वेळी ठरल्या गावी. वादळाचा मध्यबिंदू कुठून कुठपर्यंत जाऊ शकतो एवढंच तो शंकू दाखवतो, आणि मध्यबिंदू त्या शंकूत राहतो तो साधारण तीनातल्या दोन वेळा. तिसऱ्या वेळी बाहेर. वादळ केवढं रुंद आहे, पाऊस कुठे पडेल, समुद्र किती आत येईल, यातलं काहीही त्यात नसतं. इयान पश्चिम किनाऱ्यावरच्या टँपावर येणार म्हणून सगळे टँपाकडे डोळे लावून बसले आणि ते खाली फोर्ट मायर्सजवळ शिरलं. चार्लीनेही त्याच्या अठरा वर्षं आधी नेमकं हेच केलं होतं. आणि मिल्टन? ७ ऑक्टोबर २०२४ ला मेक्सिकोच्या आखातात एका दिवसाच्या आत ते पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीत गेलं. तेव्हा मी काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्ह्याने, आणून टाकलेल्या वाळूच्या ढिगापाशी पोती भरत होते. हाताला वाळू, नवरा पेट्रोलच्या रांगेत, आणि फोनवर मावसभाऊ. हाच. तेव्हाही तो इथेच हॉटेलात होता, तेव्हाही दर स्वस्त होते. 'ताई, गुरुवारी पार्क उघडं असेल का गं? आमचं हॅलोवीनच्या पार्टीचं तिकीट आहे. रेष तर टँपाच्या खालून जातेय.' मिल्टन ९ तारखेच्या रात्री 'सिएस्टा की' नावाच्या बेटापाशी पश्चिम किनाऱ्याला लागलं. त्याआधीच, त्याच दिवशी, सेंट लूसी काउंटीत टॉर्नेडोंनी सहा माणसं मारली होती. नकाशा काढा आणि सेंट लूसी शोधा. ते दुसऱ्या किनाऱ्यावर आहे. पूर्वेच्या! रेषेपासून लांब! वादळ अजून समुद्रात होतं आणि त्याच्या बाहेरच्या ढगांतून उठलेल्या टॉर्नेडोंनी घरं चेचून ठेवली. गुरुवारी पार्क बंद होतं. शुक्रवारी उघडलं. मिळालं उत्तर?

असो. सल्ले चालू ठेवू.

विमानाचं म्हणाल, तर 'बघू शेवटच्या दिवशी' हेच धोरण ठेवा. मिल्टनच्या वेळी इथल्या विमानतळाने ९ तारखेच्या सकाळीच प्रवासी उड्डाणं थांबवली होती. वाऱ्याचा पत्ता नव्हता तेव्हा, आभाळ नुसतं भरून आलेलं. तुमचं विमान संध्याकाळचं होतं? अरेरे.

वीज चमकली की उघड्यावरच्या राइड्स थांबतात. फ्लोरिडात उन्हाळाभर जवळजवळ रोज दुपारी ती चमकते, त्याला हरिकेन लागत नाही. त्याबद्दल राइडपाशी उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोराला जाब विचारायला विसरू नका, वीज त्यानेच पाडलेली असते.

आणि शेवटचा सल्ला, हॉटेलच्या काउंटरवर कसं बोलावं याचा. आवाज चढवून बोलावं. 'वुई पेड फॉर धिस' हे वाक्य दर दोन मिनिटांनी यावं. जेवणाची खोकी वेळेवर आली नाहीत, लॉबीत मिकी भेटायला येणार होता तो आला नाही, लिफ्ट बंद ठेवली, मुलं कंटाळली. सगळं बोलावं, कारण काउंटरच्या मागे उभी असलेली मुलगी...

नाही, हे मला उपरोधाने लिहिता येत नाही.

मिल्टनच्या आदल्या दिवशी मी या मंडळींना आमच्या घरी न्यायला त्यांच्या हॉटेलवर गेले होते. मावसभाऊ काउंटरवर ओरडत होता. पार्क बंद राहील त्या दिवसाचे पैसे हॉटेलने द्यावेत, असं त्याचं म्हणणं. समोरची मुलगी वीस-एकवीसची असेल. ती त्या रात्री घरी जाणार नव्हती. वादळात हॉटेल चालू ठेवायला कर्मचाऱ्यांची एक तुकडी मुक्कामाला थांबते, 'राइड-आउट क्रू' म्हणतात तिला, त्यात तिचं नाव होतं. नंतर लिफ्टपाशी मी तिची माफी मागितली, तेव्हा तिने सांगितलं की तिची आई मोबाइल होममध्ये राहते आणि अजून शेल्टरला जायला तयार नाहीये. मोबाइल होम म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे? वादळाचं नुसतं नाव निघालं तरी ज्यातून पहिल्यांदा माणसं बाहेर काढतात ते पत्र्याचं घर. ती आईला फोन लावायला बाजूला जायची, आणि तेवढ्यात तुमच्यासारखं कोणीतरी बेल वाजवायचं.

तुम्हाला स्वस्तात खोली मिळाली म्हणजे वादळाची जोखीम नाहीशी झाली नाही. ती तुम्ही तिच्या डोक्यावर टाकलीत. २०१७ मध्ये इर्माच्या वेळी साठ लाखांवर माणसांना घरं सोडायला सांगितलं होतं. अशा वेळी ती माणसं कुठे येतात? किनारा सोडून आत येतात, ऑरलँडोकडे. आजी, कुत्रा, औषधांची पिशवी, मांडीवर पोर, आणि हॉटेलं फुल्ल. त्यातल्या एका खोलीत तुम्ही बसलेले असता आणि रिफंडचा हिशोब करत असता. निघायला सांगितलं तर निघत नाही, कारण पुढच्या तीन रात्रींचे पैसे भरलेत. दुकानातलं पाणी संपवता, कारण 'घरच्यांसाठी लागेल'. आणि परत जाऊन ग्रुपवर लिहिता, एक दिवस वाया गेला, बाकी मस्त, गर्दी नव्हती.

लाज वाटत नाही का जराही? इथल्या माणसांना सप्टेंबरात कुठे जायची सोय नाही, त्यांचं घर इथे आहे. तुम्हाला होती. तुम्ही मुद्दाम आलात, पैसे वाचवायला आलात, आणि वाचलेल्या पैशांसाठी भांडलात.

सप्टेंबरात अजिबात येऊ नका असं मी म्हणत नाही. बहुतेक आठवडे कोरडे जातात, हे मलाही ठाऊक आहे. यायचं तर रद्द करता येईल असं बुकिंग करा, विमा आत्ता काढा, वादळाला नाव पडायच्या आधी. इशारा लागला की लगेच निघून जा, खोली रिकामी करा, कोणातरी टँपाच्या माणसाला मिळेल. काउंटरवर हळू आवाजात बोला. आणि मला फोन करू नका. हरिकेन सेंटरची वेबसाइट फुकट आहे, इंग्रजी तुम्हाला येतं, ओरडताना अस्खलित येतं.