चौदा कलमी आराम

हिशेबनीसाने खिशातून चार घड्यांचा कागद काढला, तेव्हाच कट्ट्यावर खसखस पिकली. माणूस आकड्यांचा, त्यामुळे ताणाचाही ताळेबंद मांडून आणलेला. वर मथळा, खाली चौदा कलमं. पहाटे पाचला उठणे, वीस मिनिटं ध्यान, चाळीस मिनिटं व्यायाम, डायरी, दीर्घ श्वसन असं करत करत शेवटचं कलम: 'आनंदी राहणे'.

"हे शेवटचं किती वाजता?" मास्तरांनी विचारलं.

तो चिडलाच. "हसा! सहा महिने धड झोप नाही मला. काहीतरी करायला नको?"

"मग त्या कागदात झोप कुठाय?" ताई म्हणाली. ती रात्रपाळ्या करते, त्यामुळे झोपेच्या विषयात आम्ही तिच्या वाटेला जात नाही. "साडेदहाला घरी पोचतोस आणि पाचला उठणार. प्रौढ माणसाला निदान सात तास लागतात. आणि ती संध्याकाळी सहाची कॉफी बंद कर आधी. कॅफीन निम्मं उतरायलाच पाचेक तास जातात. अकराला आडवा होतोस तेव्हा अर्धी कॉफी जागीच असते."

मास्तरांचा आक्षेप मुळावरच होता. "हान्स सेल्ये नावाच्या संशोधकाने १९३६ साली उंदरांवरचे प्रयोग छापले. थंडी, अतिश्रम, काहीही लादा. शरीर आधी धोक्याची घंटा वाजवतं, मग तग धरतं, मग गळून पडतं. आता त्या उंदराला डायरी देऊन काय उपयोग झाला असता? याच्या शेजारचा माणूस नोकरी सोडून गेला, त्याची जागा भरली नाही. दोघांचं काम हा एकटा ओढतोय. वर ध्यानही यानंच करायचं?"

मला हे पटलं, पण अर्धंच. 'स्वतःची काळजी घ्या' म्हणून हात झटकणारे कमी नाहीत. तरी ताईचा सवाल बिनतोड होता: "मग साहेबाला बुद्धी होईपर्यंत याने काय करायचं?"

लाझारस आणि फोकमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८४ च्या पुस्तकात हीच दोन टोकं मांडली आहेत. एक, अडचण हलवायची. दुसरं, अडचणीने मनात उठलेलं वादळ सांभाळायचं. दोन्ही लागतं. घोळ होतो तो अदलाबदलीत. साहेबाशी बोलायच्या जागी आपण श्वास मोजत बसतो, आणि जे बदलणारच नाही त्याच्याशी रात्रभर भांडतो. याच्या चौदा कलमांत पहिल्या प्रकारचं एकही नव्हतं. मास्तरांनी तिथेच पेन मागून घेतलं आणि लिहिलं: 'सोमवारी दोन्ही कामं साहेबापुढे ठेवून विचारणे, आधी कुठलं? दुसरं कधी झालं तर चालेल?'

माझं भांडण वेगळंच होतं. कागदावर काय करायचं ते होतं, कधी ते नव्हतं. 'व्यायाम करीन' हे वाक्य हवेत राहतं. 'जेवणाचा डबा बंद केला की दहा मिनिटं चालून येईन' याला खुंटी आहे. गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाचं गाजलेलं काम या 'अमुक झालं की तमुक'वर आहे. आणि याला खुंटी सापडणं सोपं, कारण याचा पारा चढायला लागला की आम्हाला कळतं, यालाच कळत नाही. जबडा आवळतो, एकच मेल तीनदा वाचतो, उत्तरं 'हं'वर येतात.

"हं," तो म्हणाला.

"बघ!" ताई ओरडली. मग तिने लिहिलं: 'जबडा आवळला की खुर्ची सोडणे, पाच वेळा सावकाश श्वास सोडणे.' घेण्यापेक्षा सोडणं लांबवायचं. हृदयाचे ठोके त्यानेच जरा खाली येतात. मास्तर कुरकुरले, पण "असू दे, फुकट आहे" म्हणाले. त्यांच्याकडून हे म्हणजे प्रशस्तिपत्रकच.

"एक दिवस चुकला की माझं सगळंच बारगळतं पण," हिशेबनीस पुटपुटला.

हा त्याचा जुना रोग. एक नोंद चुकली की वही फाडायची. सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात, यावर लंडनमध्ये एक अभ्यास झाला होता. साधारण ६६ दिवस निघाले, पण माणसागणिक प्रचंड फरक: कुणाला १८, कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. मधला एखादा दिवस बुडाल्याने विशेष बिघडलं नाही. हे ऐकून त्याचा चेहरा पहिल्यांदा सैलावला. आकडा लागतो त्याला.

बाकीची कलमं भराभर कापली गेली. 'आनंदी राहणे' त्याने स्वतःच खोडलं.

तेवढ्यात ताईने विचारलं, आवाज उतरवून, "सहा महिने म्हणालास ना? रोज?"

"जवळजवळ."

"मग हे नुसत्या कागदाचं काम नाही. डॉक्टरांना दाखव. याच आठवड्यात."

कुणी विनोद केला नाही. तो कागदाची घडी घालत राहिला. मग विचारलं, "तू येशील?"

"बुधवारी सुट्टी आहे मला."

कागद पुन्हा उलगडून त्याने 'बुधवार' लिहिलं. त्याचा फोन वाजायला लागला. ऑफिसच असणार, नऊ वाजून गेले होते. त्याने स्क्रीनकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. मास्तर मुद्दाम दुसरीकडे बघत होते. चौथ्या रिंगला त्याने उचलला.