काका, न येणाऱ्याला आधी विचारलंय का कुणी?

जय ख्रिस्त, काका.

तुम्ही वयाने वडील आहात आणि बरीच वर्षं पास्टरेट कमिटीत, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीत, काम केल्याचं लिहिलंय, म्हणून काका म्हणतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की रविवारी चर्चला न दिसणाऱ्या पुष्कळांनी देवाला सोडलेलं नाही, मंडळीनेच, म्हणजे चर्चच्या लोकांनीच, त्यांना वाऱ्यावर सोडलंय. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: न येणाऱ्याला हजार सबबी, नाताळला नवे कपडे घालून येतात, लग्नाला आणि मातीला चर्च हवं असतं, एरवी वर्षभर पत्ता नाही. बायबलमधल्या इब्रीकरांच्या पत्रात (इब्री १०:२५) एकत्र मिळणं सोडू नका असं स्पष्ट सांगितलंय. आणि घरची धुणी अशी चव्हाट्यावर धुऊ नयेत, त्याने विरोधकांचं फावतं.

आळशी लोक आहेत, हे मान्य. लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर उपासना बघायची सवय लागली ती काहींची सुटलीच नाही, हेही खरं. त्यांच्यासाठी तुमच्याशी वाद घालणार नाही. पण सगळ्यांना त्यांच्याच रांगेत उभं करता, ते मला पटत नाही.

इब्रीकरांच्या पत्रातलं ते वचन आपण न येणाऱ्यांच्या तोंडावर फेकतो. पण ते पत्र वाचलं जात होतं ते जमलेल्या मंडळीत, म्हणजे आलेल्यांसमोर. त्याच्या आदल्याच वचनात प्रीती आणि सत्कर्मं यांसाठी एकमेकांना उत्तेजन द्यायला सांगितलंय. ते काम आधी आपलं, जे बाकावर बसलेले आहेत त्यांचं.

आमच्या भागातल्या एका ताईंचं सांगतो. नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दवाखान्यात जाणं, रिक्षा, पथ्याचा स्वयंपाक, शिवाय घर चालवायला शिवणकाम. चर्चला येणं थांबलं. कुणी फिरकलं नाही. वार्षिक सभा जवळ आली तेव्हा कमिटीचे दोघे पावती पुस्तक घेऊन आले: वर्गणी थकलीय, मतदार यादीतून नाव जाईल. ताईंनी चहा केला, पैसे दिले. ती पावती त्यांनी बायबलमध्ये ठेवलीय, मला काढून दाखवली. रक्कम, तारीख, सही, सगळं जागच्या जागी. "अर्धा तास बसले," त्या म्हणाल्या, "आतल्या खोलीत हे निजलेले होते. त्यांच्यासाठी दोन शब्दांची प्रार्थनासुद्धा केली नाही कुणी." त्यानंतर त्या चर्चची पायरी चढलेल्या नाहीत. रोज संध्याकाळी नवऱ्याच्या उशाशी बसून ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणतात. या बाईला सबबी सांगणारी म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

दुसरं कारण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, पण आपल्याकडे त्यावर कुणी मोठ्याने बोलत नाही. नगर जिल्ह्यातली आपली कितीतरी घराणी १८७६–७८ च्या दुष्काळाच्या आगेमागे ख्रिस्ती मिशनच्या आसऱ्याला आली, बहुतेक महार आणि मांग समाजातली. मग १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आला आणि अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता राहिला. १९५६ मध्ये तो शिखांना मिळाला, १९९० मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती माणसाला आजही नाही. धर्म बदलला म्हणून गावाने विहीर खुली केली नाही, पण सवलत मात्र गेली. म्हणून कितीतरी घरांत आजी ख्रिस्ती, नातवाचा दाखला हिंदू, आणि सगळे एका ताटात जेवतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीतल्या एका बाईचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला. बाप्तिस्मा झालेला आहे आणि ती नियमित चर्चला जाते, हे त्या निकालात तिच्याविरुद्ध धरलं गेलं.

आता कॉलेजच्या फीची चिंता असलेला मुलगा रविवारी घरात का बसतो, हे वेगळं सांगायला हवं का? त्याचा निर्णय बरोबर की चूक, यावर आपण बोलू. मला स्वतःला वाटतं, विश्वास लपवून जगण्यात माणूस आतून पोखरला जातो, आणि ही किंमत त्याच्याकडून मागणारा कायदाच अन्यायाचा आहे. पण त्याच्या तोंडावर "नामधारी ख्रिस्ती" म्हणणाऱ्यांनी त्याची फी भरलेली मला तरी दिसलेली नाही. चर्चच्या दारात त्याला धर्म विचारू नका, बसायला जागा द्या. दर्जासाठी जो लढा न्यायालयात चाललाय त्यासाठी आपल्या मंडळीत शेवटची प्रार्थना कधी झाली होती, आठवून पाहा.

रविवारी ड्युटी असलेल्यांचं तर सोपं आहे. आपल्या समाजातल्या नर्स, वॉचमन, ड्रायव्हर, मॉलमध्ये काम करणारी पोरं यांना रविवारची सकाळ मिळतच नाही. बुधवारी संध्याकाळी साडेसातला उपासना ठेवा. पाळकसाहेबांवर भार पडत असेल तर मंडळीतल्या वडिलांपैकी (एल्डरांपैकी) कुणीतरी चालवावी.

आता चव्हाट्याचं. बायबलच्या काळातल्या करिंथ शहरच्या मंडळीत भाऊ भावावर कोर्टात फिर्याद लावत होता. प्रभुभोजनाच्या वेळी पैसेवाले आधी खाऊन-पिऊन मोकळे होत आणि गरीब उपाशी राहत. प्रेषित पौलाने त्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात हे सगळं लिहून ठेवलं, मंडळीने ते जपलं, आणि आज ते कुणीही दुकानातून विकत घेऊन वाचू शकतो. विरोधकांचं फावेल म्हणून ती पानं कुणी फाडली नाहीत. बाहेरच्यांना आपले दोष ठाऊक असतातच. ते आपल्याला दिसतात की नाही, एवढंच त्यांना बघायचं असतं.

"चर्च सोडलं की विश्वास संपला," असंही तुम्ही लिहिलंय. ज्यांची भजनं आपण दर रविवारी म्हणतो त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात "देवाचा दरबार" उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे त्यात यावेत, अशी त्यांची इच्छा होती. त्यांना सोबत सोडायची नव्हती, ती आणखी मोठी करायची होती. संस्थेच्या चौकटीत कोंडल्यासारखं वाटणाऱ्या प्रत्येकाचा विश्वास मेलेला नसतो.

आणि येशूच्या शिष्याकडे, थोमाकडे बघा. पुनरुत्थानाच्या त्या पहिल्या संध्याकाळी तो शिष्यांत नव्हता. हे सांगणाऱ्या योहानाच्या शुभवर्तमानात कारण दिलेलं नाही. बाकीच्यांनी त्याला गाठून सांगितलं, "आम्ही प्रभूला पाहिलं आहे." त्याने मानलं नाही, अटी घातल्या. तरी आठ दिवसांनी तो त्यांच्यातच, बंद दारांच्या आत होता. त्याला कुणी यादीतून काढलं नव्हतं.

म्हणून एक विनंती. थकलेल्या वर्गणीची यादी तुमच्या कोषाध्यक्षांकडे असेलच. त्यातल्या चार घरी जा, पावती पुस्तक न नेता. "बरेच दिवस दिसला नाहीत" हे वाक्य टाळा, ते टोमण्यासारखं लागतं. घरात आजारी कोण आहे, कामाचं कसं चाललंय, एवढं विचारा आणि ऐकून घ्या. मंडळीकडून कुणी दुखावलं असेल तर खुलासा करत बसू नका, कमिटीच्या वतीने माफी मागा. प्रार्थना करू का, असं विचारून करा. चर्चला या, हे त्या दिवशी म्हणूच नका.

तिथे काय ऐकलंत ते नावं न घेता इथे लिहा. माझ्या लेखाच्या उलट निघालं तरी ते मी जसंच्या तसं छापेन.