घंटा, धुकं आणि माओरींच्या 'आधीचे' लोक

परवा आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा तो घंटेचा फोटो आला. न्यूझीलंडमध्ये तिथल्या मूळ रहिवासी माओरींच्या आधी भारतीय पोचले होते म्हणे! मी हॅमिल्टनला राहते, म्हणून विचारणा मलाच: "काय गं, खरं का हे?"

घंटा खरी आहे. विल्यम कोलेन्सो या मिशनऱ्याला ती १८३६च्या सुमारास फांगारेईजवळ माओरी बायकांकडे दिसली. त्या तिच्यात बटाटे उकडत होत्या. त्याने लोखंडी भांडं देऊन ती घेतली. आज ती ते पापा संग्रहालयाकडे आहे. तिच्यावरच्या तमिळ अक्षरांत जहाजमालकाचं नाव आहे, मोहिदीन बक्ष. पण घंटा हातोहात कुठेही जाते. माणसं राहिली म्हणायला चुलीची राख लागते, हाडं लागतात, उकिरडा लागतो. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या वाइराऊ बारला हे सगळं सापडलंय, आणि ते पॅसिफिक महासागरातल्या पूर्व पॉलिनेशियातून आलेल्या माओरींच्याच पूर्वजांचं आहे. मध्यंतरी, माणसांबरोबर आलेल्या उंदरांच्या हाडांवरून माणसं दोन हजार वर्षांपूर्वीच पोचल्याचा दावा झाला होता. २००८ साली हाडं आणि उंदरांनी कुरतडलेल्या बिया पुन्हा तपासल्या, तर काळ निघाला १२८०च्या आसपासचा.

मनाला जास्त लागतं ते माओरी दंतकथांतल्या पतुपाइअरेहेंचं. हिवाळ्यात सकाळी वायकाटोवर धुकं उतरतं आणि पिरोंगियाचा डोंगर दिसेनासा होतो. त्या डोंगरात राहणारी ही गोऱ्या कातडीची, लालसर केसांची माणसं. रात्री बासरी वाजवतात, विस्तवाला आणि उन्हाला घाबरतात. गोष्टीतला काहुकुरा नावाचा माणूस अंधारात त्यांच्यात मिसळून मासे ओवायला बसला. त्याने मुद्दाम गाठ सैल ठेवली. मासे घसरायचे, तो पुन्हा ओवायचा, पुन्हा घसरायचे. असं करता करता उजाडलं. पतुपाइअरेहे आपलं जाळं टाकून पळाले, आणि जाळं विणायची विद्या माणसांच्या हाती आली. किती सुंदर गोष्ट आहे! तिच्यातला गोरा रंग तेवढा उचलून 'माओरींच्या आधी इथे गोरे होते' म्हणायचं, ही मला उघड चोरी वाटते.

कारण त्यामागचा हेतू जुना आहे. माओरींना म्हणायचं, तुम्हीही कुणाला तरी हुसकावूनच आलात, मग जमीन कसली मागता? एल्सडन बेस्टसारख्या अभ्यासकांनी माओरींच्या आधीची एक हीन, काळी जमात उभी केली आणि चॅटम बेटांवरच्या मोरिओरी लोकांना तिचे वंशज ठरवलं. १९१६ साली हे सरकारच्या शालेय मासिकात छापून आलं. १९२३ साली मानववंशशास्त्रज्ञ स्किनर यांनी मोरिओरी पॉलिनेशियनच आहेत हे दाखवून दिलं, तरी पिढ्यान्पिढ्या मुलं तेच शिकत राहिली.

खरे मोरिओरी सुमारे ८०० किलोमीटर पूर्वेला, रेकोहू म्हणजे चॅटम बेटांवर राहायचे. माणूस मारायचा नाही, हा त्यांच्या नुनुकू या पूर्वजाचा नियम त्यांनी पाळला. १८३५ साली न्गाती मुतुंगा आणि न्गाती तामा या माओरी जमातींचे सुमारे ९०० जण तिथे उतरले, तेव्हाही मोडला नाही. कित्येक मारले गेले, उरलेले गुलाम झाले. १९३३ साली टॉमी सॉलोमन वारले तेव्हा 'शेवटचा मोरिओरी गेला' असं छापून आलं. त्यांची मुलं जिवंत होती!

आणि आपण भारतीयांनी तर जपूनच बोलावं. न्यूझीलंडमधले अभ्यासक एडवर्ड ट्रेगियर यांनी १८८५ साली माओरींना आर्य ठरवलं होतं, माओरी शब्दांत संस्कृत शोधलं होतं, गायीची आठवणसुद्धा. ज्या बेटांवर गायच नव्हती!

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. मोरिओरी नामशेष झाले हा समज पसरवण्यात सरकारचा हात होता, याची कबुली न्यूझीलंडच्या २०२१च्या मोरिओरींविषयीच्या कायद्यात आहे, तेही लिहिलं. ज्या मैत्रिणीने फोटो टाकला होता, तिने रात्री फोन केला आणि रेकोहूबद्दल तासभर विचारत राहिली.