आधी श्रीमंत होऊ, मग नदी धुऊ?

डिप्लोमाच्या बॅचचा आमचा एक ग्रुप आहे. सगळे केमिकलवाले, कुणी प्लांटवर, कुणी सेल्समध्ये, दोघे-तिघे आता स्वतःच मालक. गेल्या आठवड्यात तिथे तो मजकूर तिसऱ्यांदा येऊन पडला. तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: लंडन धुरात बुडालं होतं, अमेरिकेत नदी पेटली होती, जपान आणि चीनने तेच केलं, सगळे आधी श्रीमंत झाले, मग त्यांनी साफसफाई केली. आता आपली पाळी आली तर लगेच सगळ्यांना नदी आठवली. माणशी बघाल तर आपलं प्रदूषण नगण्य. नियम लावले की कारखाने बंद आणि पोरं बेकार. आरडाओरडा करणारे विकासविरोधी. पुढे तंत्रज्ञान येईलच. गरिबी हेच सर्वात मोठं प्रदूषण, असं खुद्द इंदिरा गांधी म्हणाल्या होत्या. सोबत उपड्या वाटीसारखा एक आलेख, उत्पन्न वाढलं की प्रदूषण आपोआप उतरतं असं दाखवणारा. आणि शेवटी: ‘आधी श्रीमंत होऊ, मग नदी धुऊ. पटलं तर पुढे पाठवा.’

मी अकरा वर्षं एका रासायनिक वसाहतीत ईटीपी सांभाळला, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी नाल्यात जायच्या आधी साफ करणारा प्लांट. त्यामुळे ‘मग धुऊ’ म्हणजे काय, ते मला जरा जवळून माहीत आहे. एकेक मुद्दा घेतो.

‘लंडननेही आधी धूरच खाल्ला.’ खाल्ला, खरं आहे. 5 ते 9 डिसेंबर 1952 हे पाच दिवस कोळशाचा धूर आणि धुकं शहरावर बसून राहिलं. तेव्हाच्या हिशेबाने सुमारे 4,000 माणसं गेली. पुढच्या संशोधनात हा आकडा 12,000 च्या घरात गेला. पण श्रीमंत झाल्यावर साफसफाई केली म्हणता, तर त्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये साखर आणि मटण रेशनवर मिळत होतं. मटणावरचं रेशनिंग उठलं 1954 साली आणि हवेचा कायदा आला 1956 साली. युद्धाच्या कर्जात बुडालेला देश होता तो. पैसा आला म्हणून कायदा झाला नाही, प्रेतं मोजली गेली म्हणून झाला.

अमेरिका श्रीमंत होती, हे मान्य. क्लीव्हलंडची कायाहोगा नदी 1969 मध्ये पेटली आणि पुढच्याच वर्षी हवेचा कायदा झाला. पण त्यानंतरचं मजकुरात येत नाही: 1970 ते 2020 या काळात तिथे सहा मुख्य हवा-प्रदूषकांचं एकूण उत्सर्जन 78 टक्क्यांनी घटलं आणि अर्थव्यवस्था त्याच काळात साडेतीनपटीहून मोठी झाली.

‘जपानने आधी पैसा केला.’ इथे मला थांबावंच लागेल, कारण जपानची गोष्ट वाचताना मला आमचा प्लांट दिसतो.

क्युशू बेटावरच्या मिनामाता गावात चिस्सो कंपनीचा कारखाना अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवायचा. त्यात पाऱ्याचा उत्प्रेरक असे, आणि पारा मिसळलेलं सांडपाणी थेट खाडीत जाई. आधी मांजरं झटके येऊन नाचल्यासारखी करत मरायला लागली, मग मासे खाणारी माणसं. 1956 च्या मे महिन्यात आजाराची अधिकृत नोंद झाली. 1959 मध्ये कुमामोतो विद्यापीठाने पाऱ्याकडे बोट दाखवलं. त्याच वर्षी कंपनीच्याच डॉक्टरने कारखान्याचं सांडपाणी घातलेलं अन्न एका मांजराला दिलं आणि त्याला तोच आजार झालेला पाहिला. कंपनीने तो निष्कर्ष दाबून ठेवला.

आणि मग डिसेंबर 1959 मध्ये कंपनीने वाजतगाजत सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र बसवलं. उद्घाटनाला अध्यक्षांनी त्यातलं ‘शुद्ध’ पाणी ग्लासात घेऊन सगळ्यांसमोर प्यायलं. प्रत्यक्षात पाऱ्याचं पाणी त्या यंत्रातून जातच नव्हतं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो होतो. आमच्याकडे एरेशन टँकला हवा देणारा 40 एचपीचा ब्लोअर होता. तो चोवीस तास चालला पाहिजे, कारण टँकमध्ये जे तपकिरी गाळासारखं दिसतं ते जिवाणू असतात. घाण तेच खातात आणि त्यांना श्वास लागतो. रात्री दहाला सुपरवायझरचा फोन यायचा, ‘बंद कर’. सकाळी आठला पुन्हा चालू. रात्रीमागे तीनशे युनिट वाचायची, म्हणजे तेव्हाच्या दराने दोन हजारांच्या आसपास. असं आठ-दहा दिवस चाललं की गाळ काळा पडायचा, कुजलेल्या अंड्याचा वास यायचा, आणि लिटरच्या नळीत अर्ध्या तासात खाली बसणारा गाळ वर तरंगायला लागायचा. जिवाणू मेले की पुन्हा वाढवायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर सगळं आहे तसं चेंबरमध्ये, चेंबरमधून नाल्यात. प्रदूषण नियंत्रण बोर्डाची गाडी फाटकावर आली की मात्र वॉचमनचा मिस्ड कॉल यायचा आणि ब्लोअर घरघरायला लागायचा. लॉगबुकात तो रात्रीही चालूच असे. तिथली सही माझी आहे, म्हणून सांगतो.

मिनामातात पारा खाडीत जायचा थांबला 1968 च्या मे महिन्यात. जपान श्रीमंत झाला म्हणून? नाही. अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवायची ती पद्धतच जुनी झाली म्हणून. सरकारने कारखान्याचा दोष अधिकृतपणे मान्य केला, तो त्यानंतर चार महिन्यांनी. मग खाडीतला गाळ उपसायला 1977 मध्ये सुरुवात झाली आणि ते काम 1990 पर्यंत चाललं. मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून लावलेली जाळी 1997 ला निघाली. 1991 मध्ये जपानी अभ्यासगटाने हिशेब मांडला: वेळेवर प्रदूषण रोखायला वर्षाला सुमारे 12 कोटी येन लागले असते, न रोखल्याचं नुकसान वर्षाला सुमारे 1,263 कोटी येन. शंभरपट. आमच्या ग्रुपवरच्या मालक मंडळींना विचारतो: शंभरपट परतफेडीचं कर्ज तुम्ही धंद्यासाठी काढाल का? काढाल, एकाच अटीवर. फेडणारा दुसरा कुणी असला तर.

‘चीनला बघा.’ बघू या. 2013 मध्ये बीजिंगच्या हवेत पीएम 2.5 या बारीक कणांचं वार्षिक प्रमाण घनमीटरला 89.5 मायक्रोग्रॅम होतं. त्याच वर्षी कृती आराखडा आला, 2014 मध्ये पंतप्रधान ली खछ्यांग यांनी प्रदूषणाविरुद्ध युद्ध जाहीर केलं, आणि 2021 मध्ये आकडा 33 वर आला. हे मी मजकुराच्या बाजूने मोजायलाही तयार आहे. पण तो कोळशाचा धूर होता. जाळणं कमी केलं की वारा उरलेलं काम करतो. जमिनीला वारा लागत नाही. आधी सरकारी गुपित ठेवलेलं माती सर्वेक्षण चीनने 2014 मध्ये जाहीर केलं, तेव्हा शेतजमिनीचे 19.4 टक्के नमुने मर्यादेबाहेर दूषित निघाले. सर्वात जास्त सापडला तो कॅडमियम, एक विषारी धातू. हुनान प्रांतातल्या तांदळात तो आधीच पोचला होता. आता धुवा.

‘माणशी आपलं प्रदूषण नगण्य.’ दोन वेगळ्या गोष्टींची ही भेळ आहे. माणशी आकडा असतो तो कार्बन डायऑक्साइडचा. तो जगभर पसरतो, म्हणून तिथे कुणी किती सोडला हे विचारणं रास्त आहे, आणि त्या वादात मी डोळे झाकून भारताच्या बाजूचा. पण नाल्यातलं रसायन एकशे चाळीस कोटींनी भागून वाहत नाही. ते वसाहतीच्या खालच्या अंगाला जे गाव असतं त्याच गावाच्या विहिरीत जातं. 2018 च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर 93.69 गुणांनी देशात पहिलं होतं. डोंबिवलीत 2020 च्या फेब्रुवारीत रस्ता गुलाबी झाला होता. तिथल्या माणसाला ‘माणशी सरासरी’ समजावून सांगायला मी जाणार नाही, तुम्ही जा.

‘घाणेरडे उद्योग पाश्चात्त्यांनीच आपल्या गळ्यात मारले.’ मुद्द्याला मुद्दा म्हणून हे ग्रुपवर नंतर आलं. यात बरंच तथ्य आहे. उदाहरण एच-अ‍ॅसिडचं. कापडाच्या रंगांसाठी लागणारा हा कच्चा माल. त्याची घाण नको म्हणून पाश्चात्त्यांनी तो आपल्याकडे बनवून घ्यायला सुरुवात केली. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. तिथे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्याचं उत्पादन झालं, अवघं 375 टन. त्यातून गाळ निघाला 2,440 टन. तो आवारातच उघड्यावर टाकला, काही पसरून वर माती लोटली. पाऊस आला, गाळातलं विष जमिनीत मुरलं, आणि आसपासच्या विहिरींचं पाणी काळपट-तांबडं झालं. माणसाला नाही, गुराला नाही, शेताला नाही.

दोनेक वर्षांत उत्पादन बंद झालं. म्हणजे मजकुराच्या भाषेत ‘प्रदूषणाचा टप्पा’ संपला. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये निकाल दिला की ज्याने घाण केली त्याने भरायचं. मग अर्जावर अर्ज झाले. 2011 मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावलं: 37.385 कोटी रुपये, व्याजासकट भरा. दोन वर्षांचं उत्पादन, पंधरा वर्षं निकालानंतरची टोलवाटोलवी. माल परदेशी गेला, गाळ इथेच राहिला. पाश्चात्त्यांनी गळ्यात मारलं असेलही, पण मान आपणच पुढे केली ना? आणि हे गाऱ्हाणं खरं असेल तर त्यावरचा उपाय ‘अजून मारा’ हा कसा?

‘नियम लावले की कारखाने बंद.’ तमिळनाडूतल्या तिरुपूरचं बघा. बनियन-टीशर्टचं गाव. तिथल्या रंगशाळांचं खारट, रंगीत पाणी नोय्यल नदीत जायचं. खालच्या अंगाला ओरथुपालयम इथे शेतीसाठी धरण बांधलं, 1992 मध्ये पुरं झालं, आणि काही वर्षांत त्यात रंगाचंच पाणी साठलं. शेतकऱ्यांसाठी बांधलेलं धरण, आणि शेतकरीच म्हणायला लागले की हे पाणी आमच्याकडे सोडू नका. जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सातशेच्या आसपास रंगशाळा बंद करायला लावल्या. हाहाकार झाला. लहान युनिटं कायमची मिटली, मजूर गावी परतले, काही रंगकाम दुसऱ्या नद्यांच्या काठी सरकलं. हे लपवण्यात अर्थ नाही.

पण तिरुपूर मेलं नाही. सरकारने बिनव्याजी कर्ज दिलं, सामायिक प्लांटमध्ये आरओ आणि बाष्पीभवनाची यंत्रं बसली, आणि थेंबही बाहेर न सोडता तेच पाणी आणि मीठ पुन्हा रंगवायला वापरायचं हे गणित बसलं. 2011 च्या सुमारास साडेबारा हजार कोटींच्या आसपास असलेली निर्यात 2024-25 मध्ये 40 हजार कोटींच्या जवळ गेली. महागाई आणि डॉलर वजा करून बघा, तरी ‘बंद पडलं’ म्हणता येत नाही. आज तिथले निर्यातदार हाच शून्य विसर्ग गिऱ्हाइकाला मिरवून दाखवतात.

बेकारीचीच काळजी असेल तर एक उलटा आकडा. 2019 या एका वर्षात हवेच्या प्रदूषणामुळे भारतात 16.7 लाख मृत्यू झाले आणि अकाली मृत्यू व आजारपणातून देशाचं नुकसान जीडीपीच्या 1.36 टक्के झालं, असा ‘लॅन्सेट’च्या नियतकालिकातला अंदाज आहे. हा खर्च कुठल्याच कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही. तो दिसतो दवाखान्याच्या बिलात.

‘पुढे तंत्रज्ञान येईल.’ आलेलं आहे. कोळशाच्या वीजकेंद्राच्या धुरातून गंधक काढायची यंत्रं जपानने 1970 च्या दशकात बसवली. आपण डिसेंबर 2015 मध्ये नियम केला, मुदत दिली दोन वर्षांची. ती वाढत वाढत गेली आणि जुलै 2025 मध्ये सुमारे 78 टक्के केंद्रांना त्या यंत्रांतून सूटच मिळाली. माझ्या ब्लोअरलाही तंत्रज्ञानाची अडचण कधीच नव्हती. अडचण होती ती बटणावरच्या बोटाची.

तो आलेख. 1990 च्या दशकात जीन ग्रॉसमन आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांच्या कामातून तो प्रसिद्ध झाला. मजकुरातला ‘आपोआप’ मात्र त्यांचा नाही. यात आपोआप होणारं काही नाही, हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. लोक मागणी करतात, नियम कडक होतात, म्हणून रेघ खाली येते. म्हणजे ज्या आरडाओरड्याला मजकूर विकासविरोधी म्हणतो, त्याच आरडाओरड्याने ती वाटी उपडी झाली आहे.

राहिल्या इंदिरा गांधी. 1972 मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत त्या बोलल्या, हे खरं. पण त्यांनी प्रश्न विचारला होता: गरिबी आणि गरज हेच सर्वात मोठे प्रदूषक नाहीत का? त्याच भाषणात, पर्यावरण आणखी कंगाल करायची आमची इच्छा नाही, पण लोकांची गरिबीही विसरता येत नाही, असंही त्या म्हणाल्या. परत येऊन काय केलं? 1974 चा पाण्याचा कायदा. 1976 ची घटनादुरुस्ती, जिच्यात पर्यावरण जपणं हे राज्याचं आणि नागरिकाचं काम म्हणून लिहिलं गेलं. 1981 चा हवेचा कायदा. तिन्ही त्यांच्याच कारकिर्दीत.

आणि आपला महाराष्ट्र तर त्याच्याही आधी. पाणी प्रदूषणाचा राज्याचा स्वतःचा कायदा 1969 चा, बोर्ड 1970 चं. त्यानंतर दोनच वर्षांनी 72 चा दुष्काळ पडला; आमची आजी तेव्हा रोजगार हमीवर खडी फोडायला आणि मिलो ज्वारीच्या लाल भाकरी थापायला होती. इतक्या गरीब राज्याने ते बोर्ड काढलं होतं. त्याचीच गाडी फाटकात दिसली की वॉचमन मला मिस्ड कॉल द्यायचा.