प्रकाशनांची यादी वाढवू इच्छिणाऱ्या मनोविकारतज्ज्ञास

मनोविकारशास्त्र विभागात सहायक प्राध्यापक म्हणून आपली नुकतीच नेमणूक झाली असेल, तर पहिली विनंती अशी की बाह्यरुग्ण विभागात फार रमू नये. एखाद्या रुग्णाचे पाऊण तास शांतपणे ऐकून घेतले, याची नोंद करायला बढतीच्या अर्जात रकाना नसतो. रकाना असतो प्रकाशनांचा, आणि तिथे आपले नाव पहिल्या तीन लेखकांत किंवा पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या लेखकाच्या जागी असावे लागते. (चौथ्या क्रमांकावर समाधान मानणारा सहकारी भेटलाच, तर त्याला जपावे, असे संत आता दुर्मीळ झाले आहेत.)

संशोधनासाठी रुग्ण शोधत बसू नका. रुग्ण उशिरा येतात, मध्येच गोळ्या सोडतात, गावी निघून जातात. त्यापेक्षा एमबीबीएसचे विद्यार्थी बरे. ते हाताशी असतात आणि अंतर्गत गुण आपल्याकडे असल्यामुळे संमतिपत्रावर सही करताना फार प्रश्न विचारत नाहीत. त्यांच्या हाती नैराश्याची लक्षणे चाचपणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली द्यावी. नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा त्याहून अधिक गुण पडले की माणूस आपल्या तक्त्यात दाखल झाला. ही नुसती चाळणी आहे, निदान समोर बसून बोलल्याशिवाय होत नाही, असे एखादा शंकेखोर परीक्षक म्हणेल. आपण शीर्षकात ‘नैराश्याचे प्रमाण’ असेच लिहावे. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने १२ राज्यांत घरोघरी माणसे पाठवून प्रौढांमधील मानसिक आजारांचे प्रमाण १०.६ टक्के काढले. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणजे रान मोकळेच आहे. तुम्हाला मात्र दारोदार हिंडण्याची गरज नाही. गूगल फॉर्मची लिंक व्हॉट्सॲपवर सोडली की स्मार्टफोन आणि सवड असलेला सारा समाज घरबसल्या नमुन्यात येतो, हे २०२० च्या टाळेबंदीने सिद्ध केलेले आहे. हाती आलेल्या माहितीचे पुढे चतकोर करावेत: झोपेवर एक निबंध, चिंतेवर एक, मोबाइलच्या वापरावर एक.

निष्कर्ष नकारात्मक निघाला तर घाबरू नका, या बाबतीत थोरांचा कित्ता उपलब्ध आहे. नैराश्यावरील १२ औषधांच्या, अमेरिकी औषध प्रशासनाकडे नोंदलेल्या ७४ चाचण्यांचे पुढे काय झाले, ते २००८ साली एका अभ्यासाने तपासले. प्रशासनाने सकारात्मक ठरवलेल्या ३८ पैकी ३७ छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ कुठेच छापल्या गेल्या नाहीत, ११ अशा छापल्या गेल्या की वाचणाऱ्याला औषध लागू पडल्यासारखे वाटावे, आणि तीनच जशा होत्या तशा छापल्या गेल्या. या तिघींच्या लेखकांचे मार्गदर्शन कृपया घेऊ नये.

लिहिण्याचाच कंटाळा असेल, तर पॅरोक्सेटिन या नैराश्यावरील औषधाच्या ‘३२९ क्रमांकाच्या अभ्यासा’चे स्मरण करावे. २००१ साली तो २२ लेखकांच्या नावांनी प्रसिद्ध झाला; कच्चा मसुदा कंपनीने नेमलेल्या लेखनिकाचा होता. किशोरवयीनांत हे औषध परिणामकारकही नाही आणि निर्धोकही नाही, असे त्याच माहितीच्या फेरतपासणीने २०१५ साली दाखवले. पण मधल्या १४ वर्षांत त्या लेखकांच्या प्रकाशनांच्या याद्यांत ती एक ओळ होतीच ना?

पुढे कधी चौकशी होईल, ही धास्तीही सोडून द्यावी. लंडनच्या मनोविकारशास्त्र संस्थेतील प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक १९९७ साली वारले. त्यांनी सहलेखकासोबत लिहिलेले, स्वभावाचा कर्करोगाशी आणि हृदयविकाराशी संबंध जोडणारे २६ निबंध विश्वासार्ह नाहीत, असे किंग्ज कॉलेजच्या चौकशीने २०१९ साली जाहीर केले. मृत्यूनंतर २२ वर्षांची उसंत मिळते, आणि निवृत्तीचे वय त्याआधीच उलटून जाते.

शेवटी एक तांत्रिक सूचना. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत ‘मेलेलो बरे’ असे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार मनात आले का, असा आहे. आपल्या फॉर्मवर कोणी तिथे ‘जवळजवळ रोज’ अशी खूण करील. फॉर्म निनावी असल्याने ती व्यक्ती कोण, हे आपल्याला कळणार नाही आणि शोधण्याचे कष्टही पडणार नाहीत. एक्सेलच्या त्या चौकटीत ३ भरावे आणि पुढच्या ओळीवर जावे.